तीनदा बसवलेली राणी

असुकेसे, १२ जानेवारी

आफ्रिये,

खुशाली विचारत बसत नाही. आजारी असतीस तर परवा फोनवर एवढी बोलली नसतीस. हे पत्र बाडू ड्रायव्हरच्या हाती देतेय, त्याची टोमॅटोची गाडी आज अक्राला निघालीय. फोनवर तुला काही सांगायला गेलं की ‘हो मावशी, हो मावशी’ करून ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही. मिशनच्या शाळेत तीन इयत्ता शिकलेली बाई आहे मी. अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, लागेल.

तर तुझी सौंदर्यस्पर्धा. मला कळलं ते असं. आफ्रिकेतल्या धंदा करणाऱ्या तरण्या पोरी गोळा करायच्या, लोमेची, लागोसची, कुठकुठली. त्यांना उंच टाचांवर चालवायचं. आणि जी बरी ठरेल तिला धंदा वाढवायला मशीन द्यायचं. मला एवढंच सांग, चालण्याचा आणि धंद्याचा संबंध काय? चांगलं चालणारी पोरगी मला इथे रोज हवी असते, पण डोक्यावर पेटी घेऊन आणि चिखलातून. धंदा बघायचाय तर माल बघा की. पोरीचे दात कशाला बघता? ती काय घोडी आहे?

आणि हे सगळं आमच्याच बाजारात करायचं, कारण त्या डबाबंद माल विकणाऱ्या कंपनीला ‘खरा बाजार’ हवाय. बरं. तू माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, माझ्याच अंगणात वाढलीस, म्हणून हो म्हणते. पहिल्या रांगेत बसेन. भाषण करणार नाही.

तुमच्या माणसाने आमच्यातली पोमा निवडलीय म्हणे. पोरगी कामाची आहे. संध्याकाळी जे टोमॅटो मऊ पडायचे ते आम्ही शेळ्यांना टाकायचो. ही ते मागून न्यायला लागली, उकळून बाटल्यांत भरायला लागली. आम्ही हसलो. आता हाताखाली बायका आहेत तिच्या, बाटल्या कुमासीपर्यंत जातात, आणि मऊ माल पुरेना म्हणून रोज पेट्याही विकत घेते. पण नीट ऐक. गाडीवरची पेटी कुणाच्या अंगणात उतरायची ते आम्हा बाजारवाल्या बायकांची मंडळी ठरवते. मंडळीचं मन तिच्यावरून उडालं तर त्या पोरीची चूल दुसऱ्या दिवशी थंड. तेव्हा तिला घेऊन काही वेडंवाकडं करू नकोस.

आणि माझी एकच अट. या बाजारात ‘राणी’ हा शब्द खेळायला घ्यायचा नाही. टोमॅटोची राणी मी आहे. कांद्याची वेगळी, कोनफळांची वेगळी. बाजार ‘नाना’ म्हणतो तो आम्हा राण्यांनाच. भांडण झालं की आम्ही सोडवायचं, ड्रायव्हर अडून बसला की आम्ही बोलायचं, कुणी मेली की रडायला आणि खर्चाला आम्ही पुढे. तुमच्या पोरीला दुसरं काहीही म्हणा. फूल म्हणा, चांदणी म्हणा. राणी नको.

तावियाह मावशी


अक्रा, २० जानेवारी

मावशी,

तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि लागलं. ऑफिसातल्या पोरी दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. एक म्हणाली, ‘ही बाई आमची परीक्षक का नाही?’

दातांचं आणि घोडीचं समजलं. आता माझं ऐक. गेल्या वर्षी मी अशाच मुलींना घेऊन बँकांच्या पायऱ्या चढले. शियाच्या बियांच्या लोण्याचं काम करणारी होती, चपला बनवणारी होती. माल टेबलावर ठेवला. साहेबाने मालाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘लग्न झालं की हे सगळं बंद करशील ना?’ त्याच मुलींना मी दिवे लावून, सजवून मंचावर उभं केलं तर तोच साहेब बायकोला घेऊन पहिल्या रांगेत येतो आणि शेवटी कार्ड देऊन जातो. मला हे आवडतं असं वाटतं का तुला? पण लोकांनी आधी वळून तर बघायला हवं. एकदा बघितलं की मुली बोलतील आपलं आपण.

राणीचं म्हणशील, तर ते पट्ट्यांवर आधीच छापून झालंय. नुसता एक शब्द आहे गं. पट्टा खांद्यावरून काढला की शब्दही उतरला. मी तुझ्या हाताखाली वाढले, मला का खरी राणी आणि छापलेली राणी यातला फरक कळत नाही?

आणि मंच बघून तू खूश होशील. प्लॅस्टिकच्या खुर्च्या नाही ठेवणार. कारागिराकडून आपल्या पद्धतीचं नवं कोरीव आसन करून घेतलंय, छान पांढरं लाकूड आहे. बाहेरच्या लोकांना काहीतरी आपलंही दिसू दे.

पहिल्या रांगेत ये. निळं नेस, तुला दिसतं.

आफ्रिये


असुकेसे, ११ फेब्रुवारी

आफ्रिये,

मी जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण तुझा तमाशा झाला त्याच्या दुसऱ्याच सकाळी मंडळीतली फोसुआ लाल कापड नेसून, श्नाप्स दारूची बाटली घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी फुफू खात होते. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

‘नाना, तुम्ही?’

‘मग कोण हवं होतं तुला?’

‘नाही, म्हणजे... काल नवी बसवली ना. म्हटलं, तर मग जुनी रात्रीतच गेली असणार.’

मयताचं लाल नेसून, मयताला बाटली घेऊन आली होती बया. मला बघून आनंद झाला तिला, पण बाटली परत घेऊन गेली.

तू तर मुकुट, फोटो उरकल्या उरकल्या गाडीत बसून निघून गेलीस. काय करून गेलीस ते ठाऊक आहे का तुला? मी पहिल्या रांगेत होते, सगळं बघितलंय. पोरी बोलल्या ते मला आवडलं, लपवत नाही. ती लागोसची केसांच्या तेलाबद्दल बोलली, चांगली बोलली. पोमा तर मऊ टोमॅटोवर अशी बोलली की मला वाटलं, शेळ्यांना टाकले ते आपण मूर्खच. जिंकली, टाळ्या वाजल्या. इथवर ठीक.

मग तुझा तो फोटोवाला. तिला त्या कोरीव आसनावर बसवलं. ‘ऊठ. डोळे मिटले तुझे. बस. ऊठ, मागे कुणीतरी आडवं आलं. परत बस.’ तीनदा! पोरगी लाजून पूर्ण टेकत नव्हती, तर तू बाजूला उभी राहून, दंडाला धरून तिला खाली टेकवत होतीस. तीनदा. भर बाजारात, आसनावर, दंड धरून. आणि तिसऱ्यांदा टेकली तशी कुणीतरी वरून पांढरी पावडर उधळली. ती कल्पना कुणाची? आता हेच सांग, मला बसवलं तेव्हा याहून वेगळं काय केलं होतं? एक मेंढी तेवढी कापायची राहिली तुमची!

मी उठून ओरडेपर्यंत तिसरी वेळ होऊन गेली होती. माझे गुडघे तुझ्या फोटोवाल्याइतके चपळ नाहीत.

दुसऱ्या देशाच्या माणसाने हे केलं असतं तर मी हसून सोडलं असतं. तू केलंस. या मातीतल्या पोरीने. छापलेल्या आणि खऱ्या राणीतला फरक तुला कळतो म्हणालीस ना?

आता बाजार काय म्हणतो ते ऐक. जुनी असताना नवी बसली, तर जुनी एक तर मेली, नाहीतर उतरवली. मी मेलेली नाही. म्हणजे पोमाने मला उतरवायचा घाट घातला. फोसुआ आणि जुन्या बायका कपाळाला रागाच्या लाल पट्ट्या बांधून फिरतायत. हमालांनी पोमाच्या पेट्यांना हात लावला नाही, गाडी तशीच भरलेली पुढे कुमासीला गेली. आणि दुसरीकडे ज्या पोरींना माझा जाच होतो त्या नाचत नाचत पोमाच्या दारात गेल्या. ‘नाना, आमच्या छपराच्या जागेचं भांडण सोडवा.’ ‘नाना, शेजारणीच्या शेळीने माझा माल खाल्ला.’ पोमाने आतून कडी घातली.

तू येणार आहेस आणि स्वतःच्या तोंडाने सांगणार आहेस. लवकर ये.

मावशी


अक्रा, १५ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. राग टिकलाय.

मी काय केलं? एक फोटो काढला. पावडर त्या लोमेच्या मुलीने टाकली, तिच्याकडे आनंद झाला की टाकतात, आपल्याकडेही टाकतात. सहा महिने मी झोपले नाही या कामासाठी. कंपन्यांच्या दारात बसले, जे दारात उभंही करत नव्हते त्यांच्याकडून मशीन मिळवलं. आणि माझ्याच गावातली माणसं फोटोवाल्याने कितीदा बस म्हटलं ते मोजत बसली? पोमा तिच्या मालावर जिंकली, चालीवर नाही. परीक्षकांनी बाटली उघडून चमचा घातला आणि तिघांनी दुसऱ्यांदा घातला. त्याबद्दल बाजारात एक तरी बाई बोलली का?

खरं सांग मावशी. तरुण पोरीला लोक नाना म्हणाले ते तुला बोचलं ना?

मला आत्ता येता येणार नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं आहेत, पोस्टर छापायला गेलीत. आणि पोमाला नीट समजावून सांग, तिने वर्षभर हे बिरुद लावायचं असं कराराने ठरलंय. मध्येच ‘मी राणी नाही’ म्हणाली तर मशीन परत जाईल. मशीन निघालंय, दोन दिवसांत पोचेल. फोसुआबाईंना सांग, हा एक कार्यक्रम होता. तू म्हटलंस की ऐकतील त्या. तुझं नाही ऐकणार तर कुणाचं?

आफ्रिये


असुकेसे, १८ फेब्रुवारी

आफ्रिये ताई,

मी पोमा. तुमचा पत्ता बाडूदादांकडून घेतला. आजवर तुम्हाला उलटून बोलले नाही, आज बोलणार आहे, आधीच सांगते.

मशीन आलं. माझ्या अंगणात उभं आहे, कापडात गुंडाळलेलं. त्यात घालायला टोमॅटो नाहीत. तुमच्या स्पर्धेनंतर माझ्याकडे एकही पेटी उतरलेली नाही. मऊ पडलेला मालसुद्धा बायका मला देत नाहीत, माझ्यासमोर शेळ्यांना टाकतात. माझ्याकडच्या बायका रोज सकाळी येतात, मोकळ्या चुलीभोवती बसतात आणि घरी जातात. मी त्यांना काय सांगू? की थांबा, माझं पोस्टर छापून येतंय?

तुम्ही नानांना लिहिलंत की मी बिरुद सोडायचं नाही. आणि इकडे मंडळीतल्या जुन्या बायका म्हणतात, बसली आहेस तर तुला रीतीने उतरवायला हवं. रीत तुम्हाला ठाऊक असेल. सगळ्यांसमोर पायातल्या चपला काढून घेतात आणि अनवाणी जमिनीवर टेकवतात. एकदा तसं उतरवलेल्या बाईला पुन्हा बाजारात तोंड उघडता येत नाही. तिच्या मालाला कुणी हात लावत नाही, तिच्या लेकींच्याही नाही. चोरी केली, मंडळीचे पैसे खाल्ले, अशांना उतरवतात. मी काय खाल्लं?

ताई, मी बसले नाही. तुम्ही बसवलंत. तुमचा हात होता माझ्या दंडावर, मी उठायला बघत होते. मी माझ्या बाटलीबद्दल बोलायला मंचावर चढले होते. मला तेवढंच येतं आणि तेवढंच हवं होतं.

नानांनी मला एक शब्द वाईट बोललेला नाही. बाकी सगळा बाजार बोलतो. तुम्ही मात्र ‘घाबरू नकोस’ असा निरोप पाठवता. मी घाबरलेली नाही, मला संताप आलाय.

पोमा


असुकेसे, २१ फेब्रुवारी

आफ्रिये,

बाडू काल गाडीच्या सीटवर पेपर अंथरून बसला होता. मी म्हटलं, ऊठ, हा माझा फोटो आहे.

निळं नेसलेला माझाच फोटो. खाली लिहिलंय, ‘माजी राणी तावियाह यांनी स्वखुशीने आपली गादी तरुण पिढीकडे सोपवली.’ मी तीन इयत्ताच शिकले, पण ‘माजी’ कळतं.

माझ्या तोंडून हा शब्द कधी गेला? पेपरवाला माझ्याकडे आलाच नाही. मग त्याला कुणी सांगितलं? तूच. म्हणजे आसनावर तीनदा बसवणं ही चूक झाली असेल, चल मानते. पण हे चुकून होत नाही. हे बसून, विचार करून, तोंड उघडून सांगितलेलं आहे. मला विचारतेस, पोरीला नाना म्हणाले ते बोचलं का? अगं, बोचायला मी तुझ्या हिशेबी शिल्लकच नव्हते!

माझ्या जागी तुझी आई असती तर तिनेही हेच विचारलं असतं. कुणाला काय विकत होतीस तू?

पेपर मी घरी आणला आणि घडी घालून गादीखाली ठेवला. फोसुआच्या हाती लागला असता तर पोमाच्या चपला कालच निघाल्या असत्या. म्हणाली असती, हे बघा, कट शिजलेला होता, छापूनही आलाय. पोरीला यातलं अक्षर माहीत नाही. मी तिला विचारलं, तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच मान फिरवली.

येत्या गुरुवारी मंडळी बसणार आहे, मोठ्या झाडाखाली, सगळ्यांसमोर. त्या दिवशी कुणाच्या तरी चपला निघणार, त्याशिवाय बाजार शांत होत नाही. फोसुआ म्हणते पोमाच्या. मी म्हटलं, जी स्वतः बसली तिच्या काढा, जिला बसवलं तिच्या नाही. आणि जिने बसवलं तिला समोर आणा, मग बोलू. सगळ्यांना ठाऊक आहे बसवणारी माझी भाची आहे.

आलीस तर पोमा वाचेल. नाही आलीस तर मला तिथे बसून तिला अनवाणी होताना बघावं लागेल, आणि ते झाल्यावर तू माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाहीस. मी हे रागात लिहीत नाहीये. रागात होते ते काल.

तावियाह


अक्रा, २४ फेब्रुवारी

मावशी,

येते.

पेपरवाल्याला मीच सांगितलं. कंपनीचा साहेब शेजारी उभा होता, म्हणाला, ‘आधीच्या राणीचं काय?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं की तिने आनंदाने दिली. त्याला गोष्ट हवी होती. मी दिली. हे लिहिताना मला तुझा चेहरा दिसतोय आणि मला नको वाटतंय, पण कागद फोनसारखा मध्येच ठेवून देता येत नाही, असं तूच म्हणालीस.

पोमाचं पत्रही वाचलं. दोनदा.

साहेबाला सांगितलं की मी गुरुवारी नसेन. तो म्हणाला, तिथे जाऊन काही उलटंसुलटं बोललीस तर पुढच्या वर्षीची स्पर्धा दुसऱ्या कुणाला देऊ. मी म्हटलं, बघा काय ते.

लाल नेसू की पांढरं? आणि मंडळीसाठी काय आणायचं ते मला खरंच आठवत नाही. हसू नकोस.

आफ्रिये


असुकेसे, १० मार्च

आफ्रिये,

काळं नेसून, चुकीची भरपाई म्हणून मेंढी घेऊन आलीस ते बरोबर केलंस. श्नाप्स स्वस्तातली आणलीस. पुढच्या वेळी बाडूला विचार, त्याला कळतं.

तू बोललीस आणि तुला उठवून लांब बसवलं, मग अंधार पडायच्या आत बस गाठायची म्हणून तू निघालीस. पुढचं तुला सांगणारं कुणी नाही, म्हणून लिहिते.

तू स्वतःच पुढे होऊन चपला काढल्यास आणि ‘हा हात माझा होता’ म्हणून उजवा हात वर केलास, तिथे जुन्या बायकांमध्ये कुजबूज झाली. पेपरातलंही स्वतःच सांगितलंस. मला वाटलं होतं ते गिळशील. फोसुआ इतकी ओरडली की तिची लाल पट्टी डोळ्यांवर आली. ओरडू दे, तो तिचा हक्क होता. ‘आफ्रिये चुकली, ठीक’, ती म्हणाली. ‘तिची मेंढी घ्या. पण आसन ते आसन आणि तीनदा ते तीनदा. पोरगी बसली ती बसली. तिला तशीच सोडली तर उद्या कुणीही येईल आणि कुणालाही बसवून जाईल.’

आणि आफ्रिये, ती चुकीचं बोलत नव्हती. हीच माझी पंचाईत होती. मला समारंभ आवडत नाहीत, पण झालेली गोष्ट झाली नाही असं म्हणायलाही जमत नाही.

मग मी म्हटलं, ‘बसली. मान्य. कशावर बसली?’

‘आसनावर.’

‘कुठल्या? टोमॅटोचं आसन माझ्या आतल्या खोलीत आहे, माझ्या आधीच्या सगळ्या राण्यांनी बसून बसून काळं केलेलं. त्याला या पोरीचा पदर लागलेला नाही. ती बसली ते पांढरं, कोरं लाकूड. त्याला अजून नाव नाही. ते कशाचं आसन आहे ते सांगा मला कुणीतरी.’

 मग मीच म्हटलं, कांद्याला राणी आहे, कोनफळाला आहे, सुक्या मासळीला आहे. बाटल्यांना कोण आहे? पोमाचं बघून आता पलीकडच्या गल्लीत मिरचीच्या बाटल्या भरतात, तिकडे कुणीतरी भेंडी वाळवतं. त्यांचं भांडण झालं की माझ्याकडे येतात. मला बाटलीतलं काय कळतं? कुणाचं झाकण कुणी चोरलं ते मी सोडवायचं?

फोसुआ पोमाकडे वळली. ‘तुझ्यातली एखादी मेली तर?’

पोमा म्हणाली, ‘सगळ्यांच्या आधी जाईन, सगळ्यांच्या मागून निघेन.’

‘आणि त्या वर्षी धंदा बसलेला असला तर?’

‘तरी.’

‘ड्रायव्हरने तुझ्या बाईला रस्त्यात उतरवलं तर?’

‘त्याची गाडी आमच्या मालाशिवाय जाईल.’

बाडू मागे उभा होता, तो म्हणाला, ‘मी काही केलेलं नाही हं!’ आणि सगळे हसले. तिथेच ते संपलं. तुझी मेंढी कापली, तिच्या रक्ताने पोरीचे पाय शिंपले, बाटल्यांच्या आसनावर तिला मी स्वतः बसवली. पावडर नाही, फोटो नाही. जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा फोसुआनेच हमालांना ओरडून पोमाच्या अंगणाची वाट दाखवली, जशी काही तिचीच कल्पना होती.

आता तुझी कंपनी. गेल्या सोमवारी त्यांचा माणूस आला. आला तो सरळ पोमाच्या अंगणात शिरला, ना पाणी मागितलं, ना खुशाली विचारली. म्हणाला, स्पर्धेचं बिरुद मंडळीपुढे खोटं ठरलं, म्हणजे करार मोडला, मशीन नेतो. पोमा म्हणाली, न्या. मुकुट द्या म्हणाला. तिने आतून आणून दिला, पट्टाही घडी करून दिला. मग त्याने एक कागद पुढे केला, इथे सही करा की तुम्ही आता राणी नाही.

मी तिथेच बाकावर बसले होते, बोलायला तोंडही उघडलं होतं.

पोमा म्हणाली, ‘साहेब, जे तुम्ही दिलं होतं ते सगळं तुमच्या हातात आहे, मोजून घ्या. हे तुम्ही दिलेलं नाही.’

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ‘माझ्याकडे काय बघतोस? बाटल्यांचं मला काही विचारू नकोस. त्यांचा विषय आहे.’ कागद तसाच घेऊन गेला. तुझी पुढच्या वर्षीची स्पर्धा गेली असेल, ती जाऊ दे. मुली जमवायच्या असतील तर इथे आण, टाचा न घालता आण, बाजार आहे आणि सावली आहे. पण विचारायचं पोमाला. आधी निरोप पाठवायचा आणि नाना म्हणायचं. ती तुझ्यापेक्षा लहान आहे म्हणून काही सूट नाही.

बाकी चूल पेटलीय, मशीनशिवाय. मोठी पातेली भाड्याने आणलीत, बायका वाढल्यात.

आणि एक ऐकून ठेव. काल मी तिला पेट्या पाठवल्या, नेहमीच्या भावाने. तर परत आल्या! तिची एक बाई माझ्या दारात येऊन, हात जोडून, अगदी रीतीने उभी राहते आणि म्हणते काय, ‘आमच्या नानांनी तुमच्या नानांना निरोप दिलाय, या भावात जमणार नाही.’ मला! जिने बसवली तिला! सकाळपासून माझं डोकं तापलंय आणि तक्रार करायला जाऊ कुणाकडे? बाटल्यांत जाणाऱ्या मालाचं भांडण आता तीच सोडवते.

मावशी